अर्धा की पाऊण?

सोलर बसवायचा ठरला की घरात सगळी चर्चा टाकीची होते. दीडशे लिटरचा पुरेल की दोनशेचा घ्यावा, काचेच्या नळ्यांचा बरा की सपाट पॅनेलचा, समोरच्यांनी कुठला घेतलाय आणि त्यांना श्रावणात गरम पाणी मिळतं का. ज्या पाइपातून ते पाणी बाथरूमपर्यंत यायचं, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो मिस्त्रीचा प्रांत. आणि मिस्त्रीचं उत्तर तयार असतं: "पाऊण इंची टाकू की. सगळीकडे तीच टाकतो."

आमच्याकडे हा विषय निघाला तो जुने पाइप मेले म्हणून. घर पुण्यात सहकारनगरला, दुमजली, सत्तरच्या दशकातलं. भिंतीत गाडलेले जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. कॉर्पोरेशनचं पाणी तसं मऊ, पण मधली बरीच वर्षं बोअरचं पाणीही त्याच टाकीत पडायचं, आणि पाणी तापलं की त्यातला चुना सुटून पाइपाच्या आत बसतो. म्हणून गार पाण्याचे पाइप अजून कसेबसे तग धरून होते आणि गरम पाण्याचे पार गेले होते. भिंत फोडून काढलेला एक तुकडा मी ठेवून घेतलाय. बाहेरून ठणठणीत, वर सिमेंटचे खपले. आत बघावं तर तपकिरी-पांढरे थर एकावर एक, आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. तेही गोल नाही, एका अंगाला कललेलं. वरच्या मजल्यावर गरम पाण्याची धार करंगळीएवढी का येते, याबद्दल आमच्या घरात वर्षानुवर्षं नाना तर्क चालत. टाकीत कचरा आहे, कॉक अर्धा बंद आहे, खालच्या बाथरूममध्ये कुणीतरी नळ चालू ठेवलाय. खरं उत्तर भिंतीत होतं.

आता सगळी लाइन नवी, सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची. मिस्त्री म्हणाले, "काका, अर्ध्याला अर्धा आणि पाउणला पाऊण टाकतो, आहे तसंच." बाबांनी ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला, बारीक मापं घ्यायचा. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, व्हर्नियर मात्र अजून सेवेत आहे. अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास भरला १५.९ मिलिमीटर, आतला १२.४. नव्या जी.आय.च्या अर्ध्या इंचीचा बाहेरचा व्यास २१.३ आणि आतला जवळपास १६. म्हणजे 'अर्ध्याला अर्धा' टाकला, तर पाणी जायची जागा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते. जुना पाइप चुन्याने तुंबलेला होता, म्हणून नवा बारीक असूनही पहिल्या दिवशी धार मोठी दिसणार आणि सगळे खूश होणार, हा भाग वेगळा.

ही गफलत कुणी मुद्दाम केलेली नाही. लोखंडी पाइपांची मापं फार जुनी. एके काळी अर्धा इंच म्हणजे आतलं भोक खरंच अर्ध्या इंचाच्या आसपास असायचं. पुढे लोखंड सुधारलं, पाइपाची जाडी कमी करता आली, पण आटे जुळायला हवेत म्हणून बाहेरचा व्यास होता तोच ठेवला, आणि आतलं भोक वाढलं. सीपीव्हीसीने मात्र तांब्याच्या नळ्यांचं माप उचललं. तिथे नावात एक अष्टमांश इंच मिळवला की बाहेरचा व्यास निघतो, आणि जाडी त्यातून आत वजा होते. पीपीआर नावाचे जे हिरवे किंवा पांढरे वेल्डिंगचे पाइप मिळतात, त्यांची तिसरीच तऱ्हा: तिथे २० मिलिमीटर म्हणजे बाहेरचा व्यास, आणि आत उरतात साधारण १३. पण सीपीव्हीसीच्या दुकानात २० मिलिमीटर मागितला तर पाऊण इंची मिळतो, आत १८ मिलिमीटर. एकच आकडा, आणि भोकात पाच मिलिमीटरचा फरक. दुकानदाराशी बोलताना नाव सांगावं, पण विचारायचं ते भोक.

पाच मिलिमीटरने काय मोठंसं होतंय, असं वाटतं. इथेच पाइपाचं गणित आपल्या अंदाजाला चकवतं. हागेन हा प्रशियातला जलअभियंता आणि पॉझेय हा फ्रेंच डॉक्टर. पहिल्याने १८३९ मध्ये आणि दुसऱ्याने लगोलग पुढच्या वर्ष-दोन वर्षांत, एकमेकांशी संबंध न येता, बारीक नळ्यांतून पाणी सोडून केलेली मोजमापं प्रसिद्ध केली. पॉझेयला खरं तर रक्तवाहिन्यांत रस होता. दोघांनाही तेच दिसलं: शांत वाहणारं पाणी व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. व्यास दुप्पट केला तर पाणी सोळापट. घरातल्या पाइपात पाणी शांत वाहत नाही, घुसळत जातं, आणि तिथे घर्षणाचं नुकसान जवळजवळ पाचव्या घाताने बदलतं. १२.४ चा पाइप काढून १८.२ चा टाकला, तर तेवढंच पाणी न्यायला सुमारे एक षष्ठांश जोर लागतो.

रोमच्या लोकांना घात-बित ठाऊक नव्हते, पण मर्म ठाऊक होतं. इ.स. ९७ मध्ये फ्रंटायनस नावाचा अधिकारी शहराच्या पाणीपुरवठ्यावर नेमला गेला. खाजगी जोडणी मंजूर झालेल्या घराला ठरावीक मापाची, शिक्का मारलेली ब्राँझची तोटी मिळायची, आणि पाणी त्या मापाने मंजूर असायचं. लोक काय करायचे, तर तोटी मंजूर मापाचीच ठेवून तिच्या पुढे लगेच जाड पाइप जोडायचे आणि जास्त पाणी ओढायचे. त्यामुळे तोटीपासून पन्नास फुटांपर्यंत पाइप त्याच मापाचा हवा, असा नियमच होता. आपल्याकडे मीटरच्या पुढे मोटर लावणाऱ्यांना हे वाचून आपलेपणा वाटेल.

तर जाड पाइप टाकावा, संपलं. मिस्त्री बरोबर, पाऊण इंची सगळीकडे. बाबा तर म्हणत होते, एक इंची टाकून टाका, कटकट नको.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. पाइपातून पाणी जसं जातं तसं ते पाइपात राहतंही. रात्री दहाला शेवटची भांडी झाली की पाइपातलं गरम पाणी तिथेच उभं राहतं आणि सकाळपर्यंत गार होतं. सकाळी नळ सोडला की आधी हे रात्रीचं पाणी बाहेर यायला हवं, मग टाकीतलं गरम. आणि इथे जाडी उलटी नडते. अर्ध्या इंची सीपीव्हीसीत दर मीटरला सुमारे १२० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत २६०, एक इंचीत ४३०. गच्चीवरच्या सोलरपासून आमच्या तळमजल्यावरच्या बाथरूमपर्यंत, वळणं-वळसे धरून, पाइप भरतो २२ मीटर. अर्ध्या इंचीत अडीच-पावणेतीन लिटर, पाऊण इंचीत पावणेसहा, एक इंचीत साडेनऊ लिटर. मिनिटाला सहा लिटरने नळ वाहत असेल, तर पहिल्यात अर्ध्या मिनिटाच्या आत गरम पाणी, दुसऱ्यात मिनिटभराने, तिसऱ्यात दीड मिनिट उलटून गेल्यावर. शिवाय वाटेत पाइपही तापवायचा असतो, म्हणजे आणखी थोडी वाट. बाबांची एक इंची कटकट टाळणारी नव्हे, रोज सकाळी नव्याने सुरू होणारी कटकट होती.

म्हणजे प्रश्न दोन, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून उभे. धार हवी तर पाइप जाड हवा. लवकर हवं तर बारीक हवा. आमच्या घरात हे दोन प्रश्न दोन माणसांनी विचारले, तेही एकाच जेवणाच्या टेबलावर. बाबांनी विचारलं, "बादली किती वेळात भरेल?" माझ्या लेकीने विचारलं, "शॉवरला गरम कधी येईल?"

मला त्या क्षणी जे उलगडलं ते कुठल्याही तक्त्यात मी वाचलेलं नव्हतं. पाइपाची जाडी ठरते ती माणूस आंघोळ कशी करतो त्यावर.

बादलीची आंघोळ घ्या. सोलरचं पाणी चांगल्या उन्हात साठ अंशांवर असतं, ते तसंच अंगावर घेतलं तर भाजेल. गार पाणी साधारण बावीस अंश. बेचाळीस अंशांची, म्हणजे बऱ्यापैकी कढत, वीस लिटरची बादली हवी असेल तर त्यात साडेदहा लिटर गरम आणि साडेनऊ लिटर गार लागतं. आता पाइपात पावणेसहा लिटर गार पाणी अडकलेलं असलं तर बिघडलं काय? ते आधी बादलीत पडतं. नंतर गरम येतं. नाही तरी गार पाणी घालायचंच होतं. थंडीच्या दिवसांत गार पाणी पंधरा अंशांवर आणि सोलर पंचावन्नवर असला, तरी साडेसहा लिटर गार लागतंच. बादलीवाल्याच्या हिशेबात पाइपातलं गार पाणी वाया जातच नाही, ते विसाणाचं काम करतं. आई नेहमी आधी गरम नळ सोडते आणि मग विसण घालते. ही तिची सवय, आणि तीच या पाइपाला नेमकी लागू पडते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

शॉवरवाल्याचं तसं नाही. तो नळ सोडून बाजूला उभा राहतो, हात पुढे करून बघतो, पुन्हा बाजूला होतो. तेवढं पाणी सरळ गटारात. हात धुवायच्या बेसिनचं तर विचारूच नका. तिथे माणसाला हवं असतं लिटरभर पाणी, आणि त्याच्या आधी यायचं असतं पाच लिटर. थंडीत बेसिनचा गरम नळ सोडून, गार पाण्यानेच हात धुवून, गरम पाणी अगदी नळाच्या तोंडाशी येईल तेव्हा नळ बंद करणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक प्रकार आहे. ते तोंडाशी आलेलं गरम पाणी मग पाइपात बसून गार होतं. पुढच्या हात धुणाऱ्याची सोय.

बंब होता तेव्हा ही भानगडच नव्हती. तांब्याचा बंब न्हाणीतच किंवा न्हाणीच्या दाराशी. काहींना तोटी, काहींना नुसती चोच: वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वरचं तांब्याभर गरम चोचीतून बाहेर पडायचं. पाइपाची लांबी शून्य. धुराने डोळे चुरचुरायचे, फुंकणी मारायला लागायची, आणि ज्याला हे सगळं परत हवंसं वाटतं त्याने एकदा पावसाळ्यात ओल्या ढलप्यांवर बंब पेटवून बघावा. पण गरम पाणी आणि माणूस यांच्यात वीस मीटर अंतर टाकायची कल्पना बंबाला मानवलीच नसती.

आता दाब. आमची गार पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवर आहे. सोलरला पाणी तिथूनच येतं, त्यामुळे गरम पाण्याचा जोरही त्या टाकीच्या उंचीवर. उभी दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब, असा सोपा हिशेब. वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या डोक्यावर टाकीपर्यंत उंची जेमतेम साडेतीन मीटर, खालच्या मजल्याच्या डोक्यावर साडेसहा. मिनिटाला आठ लिटर पाणी अर्ध्या इंची सीपीव्हीसीतून न्यायचं तर दर मीटरला साधारण १३ सेंटीमीटर उंची खर्ची पडते, पाऊण इंचीतून न्यायचं तर २ सेंटीमीटर. वरच्या बाथरूमचा पाइप नऊ मीटर, पण प्रत्येक एल्बो (वळणावरचा काटकोनी सांधा) म्हणजे जवळपास अर्धा मीटर जादा पाइप समजायचा, आणि मिस्त्री लोकांना एल्बो फार प्रिय. अर्ध्या इंचीत सगळं मिळून साडेतीनातली निम्मी उंची वाटेतच संपते. पाऊण इंचीत फूटभर.

यातून जे निघालं ते मिस्त्रींना पटायला वेळ लागला. वरचं बाथरूम सोलरच्या जवळ, तिथे जाड पाइप. खालचं लांब, तिथे बारीक. "ताई, उलटं सांगताय," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी लांबच्याला जाड पाइप न्यायचा आणि जवळच्याचं काहीही चालतं. कॉर्पोरेशनच्या लाइनला किंवा शेतातल्या पाइपाला ते बरोबरच आहे. पण इथे वरच्याला दाब कमी आणि लांबी कमी: जाड पाइप टाकूनही त्यात फक्त सव्वादोन-अडीच लिटर मावतं, थांबायला लागत नाही. खालच्याला दाब जवळजवळ दुप्पट: अर्ध्या इंचीतला तोटा त्याला सोसतो, आणि बारीक पाइपामुळे गरम पाणी लवकर पोचतं. अट एकच. खालची लाइन सोलरपासून स्वतंत्र आणायची, वरच्या जाड लाइनला टी (तीन तोंडांचा सांधा) मारून नाही. टी मारली की जाड भागातलं गार पाणीही खालच्याला आधी सोसावं लागतं.

मिस्त्रींचा खरा आक्षेप वेगळाच होता, आणि तो प्रामाणिक होता. उद्या धार कमी आली तर शिव्या मला बसणार, ते म्हणाले. गरम पाणी उशिरा आलं म्हणून आजवर कुणी मिस्त्रीला फोन करत नाही. लोकांना वाटतं सोलरचं असंच असतं. धार बारीक आली तर मात्र रात्री दहाला फोन. म्हणून जगातले सगळे मिस्त्री जाड पाइप टाकतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही टाकला असता.

हा मामला फक्त आपल्याकडचा नाही. माझा धाकटा भाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथल्या जुन्या घरांत थेट आपल्यासारखीच व्यवस्था असायची: माळ्यावर गार पाण्याची टाकी, कपाटात तांब्याचा मोठा सिलिंडर, आणि पाणी आपल्या वजनाने खाली. दाब कमी, म्हणून टबापर्यंत २२ मिलिमीटरचा जाड तांब्याचा पाइप. त्याने नवा कॉम्बी बॉयलर बसवला. माळ्यावरची टाकी गेली, सिलिंडर गेला, पाणी थेट रस्त्याच्या मेन लाइनच्या दाबावर. कॉम्बीत पाणी साठवलेलं नसतं, वाहता वाहता तापतं. ३० किलोवॉटचा बॉयलर पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला बारा लिटरच्या आसपास देतो, त्याहून जास्त पाणी त्याच्याकडे नाहीच. मग जाड पाइप काय कामाचा? दाब भरपूर, पाणी मोजकं, आणि २२ च्या पाइपात दर मीटरला ३२० मिलिलिटर गार पाणी. १५ मिलिमीटरच्या पाइपात १४५. फिटर म्हणत होता, आहे त्याच पाइपाला जोडून देतो, उगाच फरशी उचकायला नको. भावाने बाथरूम नाही तरी उघडं पडलंच होतं म्हणून टबाचा पाइप १५ चा करून घेतला. टब भरायला बॉयलर देतो तेवढाच वेळ लागतो, त्याच पाइपावरच्या बेसिनला मात्र गरम पाणी निम्म्याहून कमी वेळात येतं. व्हिडिओ कॉलवर मी त्याला आमचा बेत सांगितला, तर तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे अजून माळ्यावरची टाकीच आहे." टाकीच आहे. म्हणूनच वरच्या मजल्याला पाऊण.

कुणी म्हणेल, प्रेशर पंप लावा, मिटलं. पुण्यात हल्ली बरेच जण लावतात, आणि पुष्कळदा फक्त गार पाण्याच्या लाइनला. मग मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार एकत्र करणाऱ्या नळात, एका बाजूने पंपाचं गार पाणी जोरात आणि दुसऱ्या बाजूने सोलरचं गरम पाणी आपल्या वजनाने. गार पाणी गरमाला मागे रेटतं. शॉवर एकदम गार होतो, आणि मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढचं तोंड बंद केलं तर गार पाणी उलटं चढून सोलरच्या टाकीपर्यंत जातं. मग तक्रार सोलरची. गरम लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व घातला तर उलटं चढणं थांबतं, पण दोन्ही बाजूंचा दाब सारखा असणं हे खरं औषध. आम्ही पंप लावला नाही.

स्वयंपाकघराचा नळ सोलरला जोडायचाच नाही, हे मात्र सगळ्यांनी बिनविरोध मान्य केलं. तो सगळ्यात लांब, आणि तिथे पाणी लागतं थोडं थोडं, दिवसभर. तिथे तीन लिटरचा छोटा विजेचा गिझर, सिंकच्या शेजारी, पाइप हातभर. बाबांना गॅस गिझर हवा होता. पण तो पाण्याच्या रेट्याने पेटतो, आणि पुरेसा रेटा नसला तर नुसता टकटक करत बसतो. शिवाय त्याला हवा मोकळी लागते. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तरी लोक लावतात.

काम सुरू झाल्यावर जाडीइतकंच महत्त्व चढउताराला आहे हे दिसलं. मिस्त्रींनी पाइप सोलरपासून निघून गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे उतरवायचा घाट घातला होता. पाणी कमी दाबाचं असताना पाइप असा मधेच वर उचलला की त्या उंचवट्यावर हवा अडकते. गरम पाण्यातून तर हवा सुटतच असते. कागदावर सगळे हिशेब बरोबर आणि नळाला पाणी नाही, अशी अवस्था होते. म्हणून कठड्याला भोक पाडून पाइप आरपार नेला, सतत उताराने, आणि सोलरच्या टाकीवर हवेचा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन उघडा ठेवला. पुण्याला ही गोष्ट नवी नसावी. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, जमिनीखालच्या बांधीव नळातून, नुसत्या उतारावर, आणि वाटेत हवा सुटायला ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. काही अजून उभे आहेत. गाड्यांच्या गर्दीत त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण आमच्या गच्चीवरचा तो दोन मीटरचा उघडा पाइप त्यांच्याच कुळातला.

सीपीव्हीसीचं आणखी एक: तो तापला की वाढतो. दहा मीटर सरळ पाइप चाळीस अंशांनी तापला तर अडीच सेंटीमीटर लांब होतो. दोन्ही टोकांना घट्ट आवळला तर धनुष्यासारखा वाकतो, क्लॅम्प उपटतो किंवा एखाद्या सांध्यावर राग काढतो. मधे एक चौकोनी वळसा ठेवला की ती वाढ वळशात जिरते. आणि सोलरच्या तोंडापाशी पहिले दोन-तीन मीटर लोखंडीच. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतच सांगितलेला, आणि मे महिन्यात घर आठवडाभर बंद असलं की काचेच्या नळ्यांतलं पाणी उकळायला लागतं.

उरली पाइपावरची पुंगळी, म्हणजे तो काळा फोम. गच्चीवर नुसता फोम घातला तर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो, वर ॲल्युमिनियमची टेप हवीच. आणि तो घालून पाणी रात्रभर गरम राहतं अशी समजूत करून घेऊ नये, तसं ते राहत नाही. उपयोग होतो तो दोन आंघोळींच्या मधल्या वेळात. पहिला माणूस निघाला आणि दुसरा अर्ध्या तासाने गेला, तर उघड्या पाइपात पाणी कोमट झालेलं असतं, फोमच्या पाइपात गरम. म्हणजे फोमचा खर्च वसूल व्हायचा तर घरातल्यांनी एकापाठोपाठ एक आंघोळीला जायला हवं. आमच्याकडे ते अजून जमलेलं नाही. बाबा सहाला, लेक साडेदहाला.

मोठ्या सोसायट्यांत हेच दुखणं दहापटीने असतं: गच्चीवरून अकरा मजले खाली येणारी लाइन, आणि सकाळी पहिला नळ सोडणारा सगळ्या इमारतीचं रात्रीचं पाणी ओततो. हॉटेलांत पंप लावून गरम पाणी सतत लाइनमध्ये फिरवत ठेवतात. घरगुती कामाला ते परवडत नाही, आणि आमच्यासारख्या दुमजली घराला गरजही नाही.

शेवटी खालची लाइन स्वतंत्र अर्धी, वरची पाऊण, कठड्यातून भोक, गच्चीवर वळसा. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे कुणी खिळा ठोकताना तरी बघेल. दुसरी लाइन घेतल्यामुळे पाइप वाढला, पण बिल बघितल्यावर कळलं की पैसे पाइपात नसतात, एल्बोत आणि भिंत फोडण्यात असतात.

परवा मिस्त्री उरलेलं सामान न्यायला आले होते. म्हणाले, "ताई, नवीन साइटवर मालकांना तुमच्यासारखं विचारलं, आंघोळ बादलीने करता की शॉवरने?"

"मग?"

"ते म्हणाले, बाथटब. टाकली एक इंची."